स्टिअरिंग आवाज करतंय? रॅक बदलण्याआधी हे तपासा

घोडबंदर रोडवर दोन-चार पावसाळे काढलेल्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग कुरकुरलं नाही तरच नवल. अशा वेळी 'रॅक गेला' (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा) हे निदान पटकन होतं, आणि नेमका तोच भाग खिशाला जड. आवाज बऱ्याचदा रॅकचा नसतोच. तो कधी येतो, गाडी उभी असताना की चालताना, एवढं आधी पक्कं करा.

पोडियम पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर टायर चीं-चीं करतात, तो दोष नव्हे. तपासणी डांबरावर करा.

गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला, इंजिन चालू. कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि तुम्ही पुढच्या चाकाच्या कमानीत हात घालून जंपरच्या (शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजेच स्ट्रटच्या) स्प्रिंगला बाहेरून बोटं टेकवा. स्प्रिंग चाकाबरोबर सरळ न फिरता अडकून 'टंग्' करत उडी मारत असेल, तर वरच्या स्ट्रट माउंटिंगचं, म्हणजे स्ट्रट वर जिथे गाडीला बसतो तिथलं, बेअरिंग जाम आहे. पावसाचं पाणी आणि चिखल आत जाऊन ते गंजतं. रॅकच्या नावावर खपणाऱ्या आवाजांत हा पहिल्या नंबरचा. माउंटिंग आणि बेअरिंग दोन्ही बाजूंचं एकदमच बदला.

इंजिनच्या पट्ट्यावर चालणारं हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचं) स्टिअरिंग असेल आणि वळवताना घूंऽऽ असा आवाज वाढत असेल, तर स्टिअरिंगच्या तेलाची टाकी उघडा. पातळी कमी किंवा तेलावर फेस असेल तर पंप हवा ओढतोय. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीचा क्लॅम्प आधी बघा. तो ढिला असला की तेल बाहेर न गळताही हवा आत शिरते. तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच भरा, सगळ्या गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालत नाही. हवा काढायला पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि मधूनमधून तेल भरत राहा. मग इंजिन सुरू करून तेच सावकाश. टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो.

किंचाळल्यासारखा आवाज पट्ट्याचा. इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, पट्ट्याच्या खाचांवर थोडं पाणी फवारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत. इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाल्या गाडीत स्टिअरिंगसाठी तेल आणि पट्टा नसतो. तिथे पायाजवळ टक्-टक् होत असेल तर कॉलमच्या (स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या) खालच्या कपलिंगवर, म्हणजे सांध्यावर, हात ठेवून स्टिअरिंग थोडं इकडे-तिकडे हलवून घ्या, ढिलेपणा बोटांना कळतो.

आता चालत्या गाडीचे आवाज. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट्-कट्-कट् आलं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या ॲक्सलचा चाकाकडचा सांधा); उजवीकडे वळताना आला तर बहुधा डाव्या चाकाचा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं की जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलाय हे नक्की. आवाज नसताना नुसता बूट फाटलेला सापडला तर नवा बूट, ग्रीस आणि क्लॅम्प पुरतो. एकदा वाजायला लागलेला जॉइंट मात्र ग्रीसने सुधारत नाही.

स्पीडब्रेकरवर तिरकं चढताना खडखड झाली तर आधी स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक बघा, हा स्वस्तातला भाग आहे. पाम बीच रोडसारख्या सलग रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी गुणगुण चाकाच्या बेअरिंगची असू शकते.

शेवटी चाक जॅकवर घ्या. नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टेपनी दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. ढिलं लागलं तर टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं चाकाकडचं टोक) किंवा रॅकच्या आतला जॉइंट. बारा-सहाला ढिलं असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: ढिलेपणा गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा गोळीचा सांधा). बॉल जॉइंट ढिला असलेली गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग बोलवा. तो निसटला की चाक आडवं होतं.

टाय रॉड एंड बदलताना जुना किती आट्यांवर होता ते मोजून नवा तेवढाच फिरवा. त्यानंतरही अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागतंच, पण निदान तिथवर गाडी सरळ जाते.