गोव्यातून बिझनेस जेटच्या कॉकपिटकडे

बिझनेस जेटचा (कंपन्यांच्या, धनिकांच्या छोट्या खासगी जेटचा) पायलट व्हायचे तर बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवेतच. कॉमर्सवाल्यांनी ते एनआयओएस या मुक्त शाळा मंडळातून काढावेत. फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी क्लास १ मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. रंगदृष्टीतला दोष पैसे भरल्यावर कळला तर सगळेच मुसळ केरात.

कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागते, त्यातले १०० पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला पायलट) म्हणून. ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्रीही (दुसऱ्या विमानतळांवर उतरत केलेले लांबचे उड्डाण) त्यात येते. पुढे टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान उडवायची परवानगी. सायटेशन जेटचे रेटिंग फाल्कन जेटवर चालत नाही, म्हणून नोकरी कुठल्या विमानावर आहे ते आधी बघा.

कामाची गोडी विविधतेत आहे: आज गोव्याचा मोपा विमानतळ, उद्या एखादी आखूड धावपट्टी. पण इंधन, केटरिंग, कधी बॅगासुद्धा तुमच्याच गळ्यात. प्रवासी साहेब तीन तास उशिरा आले तरी ड्युटीचे घड्याळ थांबत नाही. ड्युटीच्या तासांची मर्यादा ओलांडत असेल तर नम्रपणे 'नाही' म्हणायचे. (हे सिम्युलेटरमध्ये शिकवत नाहीत.)

गोव्याचा दुसरा विमानतळ दाबोळी हा नौदलाचा तळ, तिथल्या वेळा आधी तपासा. नाताळात विमानाला पार्किंग मिळेलच असे गृहीत धरू नका. जुलैत ढग खाली उतरले की पर्यायी विमानतळापुरते इंधन हवेच.