लिनक्सवर ब्लूटूथचा आवाज बिघडलाय? आधी या चुका टाळा

हेडसेट ‘कनेक्टेड’ दिसतोय, बॅटरी भरलेली आहे, गाणं सुरू आहे आणि आवाज मात्र लॅपटॉपच्याच स्पीकरमधून येतोय. मग शोधाशोध सुरू होते आणि सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट होते. पाचव्या-सहाव्या कमांडनंतर आवाज येतोही, पण तो कशामुळे आला ते कळत नाही. आधीच्या कमांडींनी मागे सोडलेला पसारा तसाच पडून राहतो आणि एखाद्या अपडेटनंतर तोच नवा बिघाड होऊन समोर येतो.

आवाजाची वाट चार ठिकाणांहून जाते. अ‍ॅप आवाज तयार करतं. पाइपवायर हा साउंड सर्व्हर तो घेतो आणि तो कुठल्या उपकरणाकडे पाठवायचा हे त्याचा जोडीदार वायरप्लंबर ठरवतो. हेडसेटशी जोडणी सांभाळण्याचं काम ब्लूझ या सेवेचं. सगळ्यांच्या तळाशी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि ब्लूटूथ चिपचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर. बिघाड बहुधा यांपैकी एकाच ठिकाणी असतो आणि उपाय भलतीकडेच चाललेला असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खालच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. (कमांडींची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

जुना उपाय, नवी सिस्टिम

लिनक्स डेस्कटॉपवर बरीच वर्षं पल्सऑडिओ या जुन्या साउंड सर्व्हरचं राज्य होतं. फेडोराने ३४व्या आवृत्तीत, २०२१ साली, पाइपवायर आणला. उबुंटूने २२.१०पासून तोच मुख्य केला आणि डेबियन १२च्या ग्नोम डेस्कटॉपवरही तोच आहे. पण सापडणारे पुष्कळसे उपाय अजून पल्सऑडिओच्या काळातलेच असतात.

म्हणून आपल्याकडे काय चालू आहे ते आधी बघा. ‘पीएसीटीएल इन्फो’ ही कमांड द्या आणि ‘सर्व्हर नेम’ची ओळ वाचा. तिथे ‘पल्सऑडिओ ऑन पाइपवायर’ आणि पुढे आवृत्तीचा आकडा दिसला, तर सर्व्हर पाइपवायर आहे. तो फक्त जुन्या अ‍ॅप्ससाठी पल्सऑडिओची भाषा बोलतो. त्यामुळे पल्सऑडिओच्या कमांडी चालतात, पण त्याच्या ‘डिफॉल्ट डॉट पीए’ फाइलमध्ये केलेले बदल कुणी वाचतच नाही. तासभर त्या फाइलशी झटापट करून काहीच फरक पडत नसेल, तर कारण हे.

याहून घातक सल्ला म्हणजे ‘पल्सऑडिओ पुन्हा इन्स्टॉल करून बघा’. मग दोन सर्व्हर एकाच हेडसेटवर हक्क सांगू लागतात आणि कधी एक जिंकतो, कधी दुसरा. आज चाललं, उद्या नाही, अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा. दोन्हींपैकी एकच ठेवा. नव्या सिस्टिमवर तो पाइपवायर असावा, असं माझं मत.

वायरप्लंबरनेही २०२४मध्ये ०.५ आवृत्तीत कात टाकली. त्याआधी त्याच्या सेटिंग लुआ भाषेतल्या फाइलींमध्ये लिहायच्या असत. आता त्या फाइली तो सरळ दुर्लक्षित करतो. लेखात लुआची फाइल दिसली, तर आपली आवृत्ती बघितल्याशिवाय पुढे वाचू नका.

आणि सुडो, म्हणजे कमांड रूटच्या (सिस्टिमच्या मुख्य प्रशासकाच्या) अधिकाराने चालवणं. पाइपवायर आणि वायरप्लंबर रूटच्या नावाने चालत नाहीत, लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात. त्यामुळे ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट पाइपवायर’ म्हटलं की अशी सेवाच नाही, असं उत्तर येतं आणि माणूस समजतो की पाइपवायर इन्स्टॉलच नाही. सुडो काढा, त्याजागी ‘--यूजर’ लावा आणि पाइपवायर, पाइपवायर-पल्स, वायरप्लंबर तिन्ही एकदम रीस्टार्ट करा. ब्लूझ मात्र सिस्टिमची सेवा आहे; तिला सुडो लागतो.

‘पेअर झालं ना, मग झालं’

पेअर, ट्रस्ट आणि कनेक्ट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पेअर म्हणजे दोघांनी एकमेकांची गुप्त किल्ली जपून ठेवली. ट्रस्ट म्हणजे पुढच्या वेळी हेडसेट आपणहून आला तर न विचारता आत घ्यायचा. कनेक्ट म्हणजे आत्ता, या क्षणी, जोडणी. ‘ब्लूटूथसीटीएल’मध्ये जाऊन ‘इन्फो’ आणि हेडसेटचा पत्ता दिला की तिन्हींपुढे यस किंवा नो दिसतं. हेडसेट रोज हाताने जोडावा लागतो, या तक्रारीत बहुधा ट्रस्टपुढे नो असतं.

जोडताना ‘बीआर-कनेक्शन-प्रोफाइल-अनअव्हेलेबल’ अशी चूक आली, तर हेडसेटला दोष देऊ नका आणि पुन्हा पुन्हा पेअरही करू नका. ब्लूझ सांगतोय की हेडसेटचा आवाज घ्यायला माझ्याकडे कुणी तयारच नाही. साउंड सर्व्हर बंद असतो, किंवा त्याचा ब्लूटूथचा भाग इन्स्टॉल झालेला नसतो. डेबियन आणि उबुंटूवर हा भाग ‘लिबएसपीए-०.२-ब्लूटूथ’ या वेगळ्या पॅकेजात येतो. हाताने पाइपवायर बसवणाऱ्यांकडून नेमकं हेच राहून जातं. ते टाका, वायरप्लंबर रीस्टार्ट करा, मग जोडा.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर गंमत वेगळी. ब्लूटूथ चिप एकच, म्हणून तिचा पत्ताही एकच. हेडसेटच्या लेखी दोन्ही सिस्टिम म्हणजे एकच संगणक, आणि तो त्या पत्त्यासाठी शेवटची किल्ली तेवढी ठेवतो. विंडोजमध्ये पेअर केलं की लिनक्सकडची किल्ली बाद, लिनक्समध्ये केलं की विंडोजकडची. दर वेळी नव्याने पेअर करत बसण्यापेक्षा हा क्रम ठेवा: आधी लिनक्समध्ये पेअर करा, मग विंडोजमध्ये, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतली किल्ली काढून लिनक्समध्ये ‘व्हार-लिब-ब्लूटूथ’ फोल्डरात त्या हेडसेटच्या ‘इन्फो’ फाइलमध्ये लिंक-कीच्या जागी लिहा. मग ब्लूटूथ सेवा रीस्टार्ट करा. किचकट आहे, पण एकदाच करावं लागतं.

मीटिंग सुरू झाली की आवाजाचा डबा होतो

सगळ्यात जास्त गैरसमज इथे. गाणी छान ऐकू येतात. व्हिडिओ कॉल लागला की तोच हेडसेट जुन्या टेलिफोनसारखा वाजू लागतो. मग लोक ड्रायव्हर बदलतात, कर्नल बदलतात, कुणी डिस्ट्रोच, म्हणजे उबुंटू-फेडोरासारखी अख्खी सिस्टिमच, बदलतात. बिघाड मात्र यांपैकी कशातच नसतो.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाजाचे दोन रस्ते आहेत. ए२डीपी प्रोफाइलमध्ये चांगल्या दर्जाचा स्टिरिओ जातो, पण एकाच दिशेने. माइकला तिथे जागा नाही. माइक हवा तर एचएफपी किंवा एचएसपी प्रोफाइलवर यावं लागतं. तिथे आवाज दोन्ही दिशांना जातो, पण मोनो आणि अरुंद: सीव्हीएसडी कोडेक (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत) असेल तर ८ किलोहर्ट्झ, एमएसबीसी असेल तर १६. ही मर्यादा लिनक्सची नाही, नेहमीच्या ब्लूटूथचीच आहे. एलई ऑडिओ ही ब्लूटूथ आवाजाची नवी पद्धत आणि तिचा एलसी३ कोडेक ती ओलांडतात, पण त्यासाठी हेडसेट, चिप आणि सॉफ्टवेअर तिन्ही त्या पिढीचे लागतात.

कुठल्याही अ‍ॅपने माइक मागितला की वायरप्लंबर हेडसेटला आपणहून दुसऱ्या रस्त्यावर नेतो. ‘पावूकंट्रोल’ हे आवाजाच्या सेटिंगचं अ‍ॅप उघडून कॉन्फिगरेशनच्या टॅबवर बघा. गाणं चालू असताना हेडसेटच्या नावाखाली ‘हाय फिडेलिटी प्लेबॅक’ असतं. कॉल लागताच तेच ‘हेडसेट हेड युनिट’ होतं. कॉल संपून बराच वेळ झाला तरी ते परतत नसेल, तर ब्राउझरचा एखादा टॅब अजून माइक धरून बसलाय. रेकॉर्डिंगच्या टॅबवर त्याचं नाव दिसेल. तो बंद करा, आवाज परत येईल.

कायमचा इलाज साधा आहे. कॉलसाठी माइक लॅपटॉपचा किंवा वेगळा यूएसबीचा घ्या आणि हेडसेट फक्त ऐकायला ठेवा. वायरप्लंबर ०.५वर ‘ब्लूटूथ डॉट ऑटोस्विच-टू-हेडसेट-प्रोफाइल’ ही सेटिंग फॉल्स केली की तो मधे लुडबुड करत नाही. समोरच्यालाही तुमचा आवाज जास्त स्वच्छ जातो. हेडसेटचाच माइक वापरायचा असेल, तर निदान कोडेक एमएसबीसी आहे ना ते त्याच टॅबवर बघून घ्या. सीव्हीएसडीपेक्षा तो कितीतरी बरा.

डाँगलवाल्या हेडसेटला ब्लूटूथमध्ये शोधू नका

सोबत छोटा यूएसबी डाँगल आलेला वायरलेस हेडसेट बहुधा ब्लूटूथ नसतोच. तो २.४ गिगाहर्ट्झवर आपल्या डाँगलशी थेट बोलतो आणि लिनक्सला फक्त एक यूएसबी साउंड कार्ड दिसतं. त्याच्यासाठी पेअरिंगच्या सगळ्या कमांडी फुकट. आउटपुटच्या यादीत तो निवडा, आणि तरीही शांतता असेल तर ‘अल्सामिक्सर’मध्ये एफ६ दाबून ते कार्ड उघडा. पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर ते म्यूट आहे, एम दाबा.

तुटक आवाजाचं खापर सॉफ्टवेअरवर

आवाज मधे मधे तुटतो, तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी टेबलाकडे बघा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, पुष्कळ वाय-फायही तिथेच, आणि यूएसबी ३.०ची उपकरणं व केबल याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२मध्येच त्यावर टिपण काढलं होतं. ब्लूटूथचा डाँगल यूएसबी ३.०च्या हार्ड डिस्कला चिकटून बसला असेल, तर एक्स्टेन्शन केबल लावून त्याला हातभर दूर न्या. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. आतलं वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात, म्हणून मोठं डाउनलोड चालू असतानाच आवाज तुटत असेल तर संशय तिथेच घ्या.

कोडेकचा हव्यासही इथेच नडतो. एलडॅक हा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, म्हणून लोक तोच लावतात. गर्दीच्या हवेत तेवढा डेटा पोचत नाही आणि आवाज फाटतो. एसबीसी या साध्या कोडेकवर आणून बघा. तुटणं थांबलं, तर दोष हवेचा.

स्पीकर पहिला शब्द गिळतो

ब्लूटूथ स्पीकरवर प्रत्येक नोटिफिकेशनची सुरुवात कापली जाते किंवा आधी ‘टक्’ असा आवाज येतो. पाच सेकंद आवाज नसला की वायरप्लंबर ते आउटपुट झोपवतो, आणि स्पीकरला पुन्हा जागं व्हायला वेळ लागतो. ‘सेशन डॉट सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स’ त्या स्पीकरपुरतं शून्य केलं की झोप बंद. बॅटरी थोडी जास्त जाईल.

आणखी एक फसवी गोष्ट. एखाद्या अ‍ॅपचा आवाज पूर्वी कधी एचडीएमआयकडे वळवला असेल, तर वायरप्लंबर ते लक्षात ठेवतो. मग डिफॉल्ट आउटपुट कितीही बदला, ते अ‍ॅप जुन्याच जागी जातं. पावूकंट्रोलच्या प्लेबॅक टॅबवर, गाणं चालू असतानाच, त्या अ‍ॅपपुढचं आउटपुट बदला.

व्हिडिओत ओठ आधी आणि शब्द नंतर, हा ब्लूटूथचा स्वभावच. व्हीएलसीमध्ये जे आणि के या बटणांनी आवाज मागे-पुढे सरकवता येतो.

ब्लूटूथच दिसत नसेल तर

इथे साउंड सर्व्हरला हात लावणं म्हणजे वेळ घालवणं. ‘आरएफकिल लिस्ट’ द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे यस असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपवरचं बटण किंवा बायॉसची सेटिंग. दोन्ही नो असतील तर ‘डीमेसेज’मध्ये ब्लूटूथच्या ओळी वाचा. फर्मवेअर लोड झालं नाही, असं दिसलं की फर्मवेअरचं पॅकेज टाका आणि संगणक पूर्ण बंद करून चालू करा; नुसत्या रीस्टार्टने चिपची वीज जातेच असं नाही.

एवढं करूनही अडलं, तर दोन टर्मिनल शेजारी उघडा. एकात ‘जर्नलसीटीएल -एफ -यू ब्लूटूथ’, दुसऱ्यात ‘--यूजर’ लावून वायरप्लंबरचा तसाच लॉग. मग हेडसेट बंद करून चालू करा. पहिल्या खिडकीत तक्रार उमटली तर ब्लूझ किंवा त्याखालचं काही, दुसरीत उमटली तर साउंड सर्व्हर. दोन्ही शांत आणि ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’मध्ये हेडसेटच्या नावाआधी चांदणी दिसत असेल, तर आता त्या अ‍ॅपच्या सेटिंग उघडा.