पुढचं सस्पेन्शन घरी बदलताय? या चुका टाळा

पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर वाळून दगडासारख्या होतात. त्याच पांदणीनं कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी रोज वावरात जाते आणि पुढचं सस्पेन्शन तिथंच खिळखिळं होतं. माझ्याकडे 2013 ची थार सीआरडीई आहे, पुढे टॉर्शन बारवाली, म्हणजे स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारी लांब लोखंडी सळई असलेली. जिप्सीला पुढेही पाटेच (लीफ स्प्रिंग) असतात, त्यामुळे त्या गाडीचं काम वेगळं. पण खाली सांगितलेल्यातलं बरंचसं तिलाही लागू पडतं.

आवाज आला की शॉकअप बदलू नका

पुढून ठकठक आली की बहुतेक जण थेट नवे शॉकअप आणतात. आधी चाक उचला आणि वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. तरीही हलत असेल तर बॉल जॉइंटकडे, म्हणजे आर्मच्या टोकाशी चाकाकडच्या गोळीच्या सांध्याकडे बघा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच खेळ दिसला तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा, गेलेला असतो. हे करताना दुसऱ्या कोणी टॉर्च घेऊन नेमका कोणता सांधा हलतो ते पाहायला हवं. पाच मिनिटांत होणारी ही तपासणी आहे, ती न करता सामान आणू नका.

काळ्या मातीवर जॅक

हे मी कळकळीनं सांगतो. अंगण वरून कोरडं दिसत होतं, पण दोन दिवसांपूर्वी पाऊस झालेला. मी जॅक लावला, चेसिसखाली घोडी (जॅक स्टँड) ठेवली, चाक काढलं. थोड्या वेळानं घोडीचा एक पाय मातीत रुतला आणि गाडी कलंडत खाली आली. काढलेलं चाक मी चेसिसखाली आडवं सरकवून ठेवलं होतं, त्यावर ती टेकली. माझा हात तेव्हा आर्मपाशी, म्हणजे चाक चेसिसला जोडणाऱ्या वर-खाली हलणाऱ्या दांड्यापाशी होता. ते चाक तिथं नसतं तर हात वाचला नसता.

म्हणून जागा सिमेंटची असावी. ती नसेल तर जॅक आणि घोडी दोन्हींखाली बाभळीची जाड, रुंद फळी घाला. विटा रचून त्यावर गाडी ठेवू नका, वीट सांगून फुटत नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावा आणि काढलेलं चाक नेहमी चेसिसखाली ठेवा.

खोलण्याआधी खुणा

गाडी सपाट जागी उभी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजून भिंतीवर खडूनं लिहा. टॉर्शन बार आणि त्याचा आर्म जिथं जुळतात तिथं पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. अॅडजस्टिंग बोल्टचे किती आटे बाहेर आहेत तेही मोजा. रेघ नसली तर बार एक दात पुढे-मागे बसतो आणि गाडी एका अंगाला झुकते. डावा बार उजवीकडे घालू नका, दोन्हींचा पीळ वेगळ्या दिशेचा असतो. आर्म सोडण्याआधी अॅडजस्टिंग बोल्ट ढिला करून बारचा ताण पूर्ण काढा. ताण असताना आर्म सुटला तर तो झटक्यानं खाली येतो.

काम झाल्यावर तोच बोल्ट जास्त आवळून गाडी उंच करायचा मोह होतो. करू नका. चाल कडक होते, शिवाय पुढच्या चाकाला जोर पोहोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून त्याचे रबरी बूट लवकर फाटतात.

बुश हवेत आवळणं

माझ्या मते ही सगळ्यात महाग चूक आहे आणि चांगले हातदेखील ती करतात.

आर्मचा बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तेव्हा काही फिरत नाही, फक्त रबराला पीळ पडतो. आता गाडी जॅकवर आहे, आर्म खाली लोंबतोय, आणि तुम्ही त्याच स्थितीत बोल्ट कचकून आवळला. गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि उभ्या गाडीतही रबराला कायमचा पीळ बसतो. खड्डा आला की त्यावर आणखी पीळ. माझे नवे बुश असेच चार महिन्यांत गेले. काढून पाहिले तर रबर नळीपासून सुटलं होतं आणि एका बाजूला कापल्यासारखी गोल चीर पडली होती.

बरोबर पद्धत अशी: जॅकवर असताना बोल्ट फक्त टेकेपर्यंत फिरवा. चाकं लावा, गाडी चारही चाकांवर उतरवा, बोनेटपाशी दाबून दोन-चारदा हलवा, थोडी मागे-पुढे ढकला. मगच खाली शिरून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा. खाली जागा कमी पडते, म्हणून मी चारही चाकं जाड फळ्यांवर चढवतो. बुश बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

बाकीच्या चुका

बॉल जॉइंटच्या आट्यांवर हातोडा मारू नका, आटे चेपतात. पुलर नसेल तर नट चार आटे ठेवून नकलच्या (ज्यावर चाक बसतं तो भाग) कानावर बाजूनं ठोका. नट फिरू नये म्हणून लावायची स्प्लिट पिन नवीनच घाला. भोक जुळत नसेल तर नट ढिला करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. ब्रेक कॅलिपर होजवर (ब्रेकच्या रबरी नळीवर) लोंबू देऊ नका, तारेनं बांधा. नकल बाहेर कलू दिला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट आतून सुटतो, तोही बांधून ठेवा.

टाय रॉड एंड काढताना किती फेरे फिरवले ते मोजा आणि नवा तितकेच फेरे घाला. यवतमाळला अलाइनमेंटला पोहोचेपर्यंत गाडी सरळ चालावी एवढाच त्याचा उपयोग, अलाइनमेंट करावंच लागतं.

शेवटी प्रत्येक नटापासून आर्मपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढा. शंभर किलोमीटर झाले की टॉर्च घेऊन खाली वाका. जिथं रेघ तुटलेली दिसेल, तो नट फिरला आहे.