पुरात भिजलेलं सामान सुधारतं, हे घरच्यांना कसं पटवावं

नाशकात गोदावरीचा पूर ओसरला की सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीच्या गल्ल्यांत घरांपुढे ढीग लागतात. गाद्या, वह्या-पुस्तकं, कपाटाची दारं, कधी आजेसासऱ्यांच्या वेळचा सागवानी देव्हारासुद्धा. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक मोठ्या पुरानंतर हेच. त्यातलं सगळं वाचत नाही, पण टाकलं जातं त्यापेक्षा कितीतरी जास्त वाचू शकतं. अडतं ते घरमालकाच्या मनात. तुम्ही घरातले धाकटे असा, शेजारी असा किंवा दुरुस्तीचं काम घेणारे असा, त्या माणसाला कसं राजी करायचं ते इथे सांगतो.

आधी त्यांचं ऐकून घ्या

"टाकून द्या सगळं" म्हणणारा माणूस दमलेला असतो. घरात चिखल, नाकात गटाराचा वास. त्यात २०१६ आणि २०१९ चे पूर ऑगस्टच्या सुरुवातीचे, म्हणजे गणपती महिन्याभरावर. बाप्पा यायच्या आत घर रंगवून लख्ख झालं पाहिजे, ही घाई खरी असते. तिला नावं ठेवलीत तर पुढचं कुणी ऐकणार नाही. म्हणून "टाकू नका" असं म्हणू नका. "काका, टाकायचंच असेल तर पंधरा दिवसांनीही टाकता येईल, तोवर गच्चीच्या जिन्यात ठेवू" असं म्हणा. एवढं बहुतेक जण मान्य करतात, आणि तुम्हाला हवा असतो तो फक्त वेळ.

विमा असेल किंवा तलाठ्याचा पंचनामा व्हायचा असेल, तर सामान हलवण्याआधी प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची खूणही त्यात येऊ द्या. "सुधारलं तर भरपाई बुडेल" ही भीती अनेकांना असते. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला विचारून घ्या. पॉलिसीनुसार दुरुस्तीचा खर्चही नुकसानीत धरता येतो. बिलं मात्र जपा.

जे जाणार आहे, ते तुम्हीच आधी सांगा

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सगळंच वाचेल म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. त्यात बुडालेली कापसाची गादी, उशा, फोमचा सोफा, उघडं धान्य, औषधं गेली असं समजा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) फुगून भुगा धरू लागलं की परत बसत नाही. साध्या प्लायवूडचे थर सुटले असतील तर तेही सोडा. पीओपीचं छत ओलं होऊन खाली झुकलं असेल तर त्याखाली उभंही राहू नका.

हे सगळं तुम्ही स्वतःच बाजूला काढलंत की मालक उरलेल्या वस्तूंकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. अस्सल साग, लोखंडी कपाट, तांब्या-पितळेची भांडी, शहाबादी फरशी, चिनी मातीच्या बरण्या यांना पाण्याने फारसं काही होत नाही. धुवायच्या, जंतुनाशकाने पुसायच्या, वाळवायच्या.

एकच वस्तू निवडा आणि मालकालाच आकडे लिहू द्या

बोलून पटत नाही, दिसलं की पटतं. सागवानी कपाटाचा एखादा खण घ्या. अडकला असेल तर ओढाताण करू नका, कपाटाची मागची फळी काढून आतून ढकला. स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, फडक्याने टिपा आणि विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. उन्हात नाही. उन्हात लाकडाचा वरचा थर भराभर आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी तडकते. श्रावणातलं कोवळं ऊन बघून मोह होतोच, तो आवरा.

आता वजनकाटा आणा. खणाचं वजन करून काकांनाच खडूने भिंतीवर लिहायला सांगा. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. वजन उतरत जातं आणि एका ठिकाणी थांबतं, तेव्हा लाकूड वाळलं असं समजायचं. दोन पिनांचा मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) मिळाला तर उत्तमच. लाकडात तो साधारण १५ टक्क्यांच्या खाली आला की पुढचं काम करायला हरकत नाही. स्वतःच्या हाताने लिहिलेला उतरता आकडा बघितलेला माणूस दुसऱ्या खणाबद्दल आपणहून विचारतो.

दारं-खिडक्या फुगल्या की सुतार लगेच रंधा काढतो. त्याला थांबवा. आज तासलेलं दार वाळल्यावर आकसेल आणि उन्हाळ्यात फट पडेल.

जिथे वेळ नाही, तिथे आग्रह धरा

बुरशी एक-दोन दिवसांतच धरायला लागते. म्हणून कागद, फोटो आणि कपडे यांच्याबाबतीत मात्र पहिल्याच दिवशी ठामपणे बोला. खरेदीखत, सातबारा, गुणपत्रिका वाळवायला वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वीज असलेल्या शेजाऱ्याच्या फ्रीझरमध्ये ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. पुढे सवडीने थोडे-थोडे काढून वाळवता येतात. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे असताना सोडवू नका. स्वच्छ गार पाण्यात भिजू द्या, मग अलगद सुटतात. चित्राची बाजू वर करून सावलीत ठेवा.

येवल्याची पैठणी भिजली असेल तर गार पाण्यातून काढा, पिळू नका, सुती चादरीत गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत पसरा. रंग सोडणारी साडी वेगळी ठेवा. आईंना पटवायचं असेल तर सुरुवात पैठणीपासूनच करा.

हे सगळं करताना हातमोजे, गमबूट आणि मास्क हवेच. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रव्य कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पाण्यात गेलेली बटणं, पंखे, फ्रीज वायरमनने तपासल्याशिवाय चालू करायचे नाहीत.

भिंतीचा वाद

सगळ्यात मोठं भांडण इथेच होतं, कारण रंगारी आधीच ठरलेला असतो. ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट मारला की पोपडे येणारच. जुन्या वाड्याच्या जाड विटांच्या भिंती वाळायला महिनोन् महिने लागतात. वाद घालण्याऐवजी फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आत थेंब दिसले तर काही सांगावं लागत नाही. लोणा, म्हणजे भिंतीवरचा पांढरा खार, आलेला असेल तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर पुन्हा आत मुरतो. गणपतीपुरता साधा चुना मारून घ्या. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, घरही पांढरंशुभ्र दिसतं. पक्का रंग पुढच्या उन्हाळ्यात.

एवढं करूनही काही जण नाहीच म्हणतात. घर त्यांचं आहे, तिथे थांबा. फक्त सागाचं सामान भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी जुन्या सागाचा व्यापार करणाऱ्याकडून भाव काढून आणा आणि तो त्यांना सांगा. भाव ऐकून कपाट पुन्हा घरात गेलं तर विटा आणि पंखा तयार ठेवा.