प्रोग्रॅम उघडत नाही? काढून पुन्हा टाकायची घाई नको

मृग लागला की आमच्या दारव्ह्याकडे वारं सुटायचा अवकाश, लाईन गेलीच. बिना इन्व्हर्टरचा कॉम्प्युटर धपकन बंद पडतो. नेमका त्याच घडीला लिबरऑफिस (वर्डसारखा फुकटचा प्रोग्रॅम) आपल्या सेटिंगची फाईल लिहीत असलं तर ती अर्धवट राहते. लाईन आल्यावर आयकॉनवर क्लिक करा, लोगो झळकतो अन् गायब.

मग ठरलेला सल्ला : "भाऊ, काढून पुन्हा टाक." मीही दोनदा तेच केलं, मोबाईलचा डेटा जाळून. फरक शून्य! प्रोग्रॅम राहतो एकीकडे, तुमच्या सेटिंगचं प्रोफाइल दुसरीकडे. प्रोग्रॅम काढला तरी ते जागचं हलत नाही. नवीन प्रोग्रॅम तीच बिघडलेली फाईल वाचतो.

आधी कोऱ्या सेटिंगवर उघडून पाहा. स्टार्ट मेनूत लिबरऑफिसचा सेफ मोड असतो. त्यात तात्पुरतं नवं प्रोफाइल वापरलं जातं, तुमच्या जुन्याला हात लागत नाही. तिथं नीट चाललं तर दोष सेटिंगमध्ये, नाही चाललं तर दुसरीकडे शोधा. पण सेफ मोड उघडताना येणाऱ्या चौकटीत फॅक्टरी सेटिंगला नेणारा पर्यायही आहे. घाईत तो निवडू नका. आधी बॅकअपमधून परत आणायचा पर्याय वापरून पाहा. आणि सेफ मोडमध्येच रोजचं काम सुरू ठेवू नका, तिथं केलेली सेटिंग टिकत नाहीत.

वर्डसाठी कंट्रोल दाबून आयकॉन उघडा. सेफ मोडचा प्रश्न पडद्यावर येईपर्यंत बोट उचलू नका. बहुतेकांचं इथंच चुकतं.

फायरफॉक्स ब्राउझर शिफ्ट दाबून उघडलं की ट्रबलशूट मोड येतो. यात एक्स्टेन्शन (वरून जोडलेल्या सोयी) आणि थीम बंद होतात, पण प्रोफाइल तुमचंच राहतं. म्हणजे ही पूर्ण कोरी पाटी नव्हे. ती हवी तर वेगळं प्रोफाइल तयार करा. उघडताना येणाऱ्या चौकटीतलं 'रिफ्रेश' बटण मात्र एक्स्टेन्शन कायमची काढतं.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे प्रोफाइलचं फोल्डर डिलीट करणं. लिबरऑफिसचं प्रोफाइल विंडोजच्या अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरात, लिबरऑफिसमधल्या '4' नावाच्या फोल्डरात असतं. (आवृत्ती २४ असली तरी नाव चारच, काहून ते मलाही कोडं आहे.) अ‍ॅपडेटा दिसत नसेल तर लपवलेली फोल्डरं दाखवायला लावा. आतल्या 'युजर' फोल्डरात तुम्ही शब्दकोशात टाकलेली गावांची नावं, ऑटोकरेक्ट आणि अर्जाचे नमुने असतात. म्हणून 'युजर' डिलीट न करता फक्त त्याचं नाव बदला. त्याआधी टास्क मॅनेजरमध्ये लिबरऑफिस मागे चालू नाही ना, ते पाहा. चालू असलं तर विंडोज नाव बदलू देत नाही.

प्रोग्रॅम उघडला की नवं 'युजर' फोल्डर आपोआप तयार होतं. मग तो बंद करून जुन्यातून शब्दकोश, ऑटोकरेक्ट आणि नमुन्यांची फोल्डरं तेवढी नव्यात आणा. 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स' नावाची फाईल मात्र आणू नका. सेटिंग तिच्यातच असतात.