लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये मास्टर्स करायचंय? आधी जमीन वाचायला शिका

पहिला प्रश्न आधीच्या पदवीचा. आर्किटेक्चर किंवा लँडस्केपची पदवी असेल तर मास्टर्स साधारण 2 वर्षांत होतं. वनस्पतिशास्त्र, भूगोल, सिव्हिल अशा शाखांतून येणाऱ्यांना काही विद्यापीठं 3 वर्षांच्या अभ्यासक्रमाला घेतात, काही मात्र आर्किटेक्चरच्या पदवीशिवाय अर्जच स्वीकारत नाहीत. पुढे जिथे काम करायचं आहे, तिथल्या नोंदणीसाठी ही पदवी चालते का, हे फी भरण्याआधी पाहा.

पोर्टफोलिओत बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं: हिरवेगार थ्रीडी व्ह्यू भरपूर आणि सेक्शन (जागेचा उभा छेद दाखवणारं रेखाटन) एकही नाही. निवड करणाऱ्यांना बघायचं असतं की जागेमुळे तुमचा निर्णय कुठे बदलला. डिझाइनचं काम गाठीशी नसेल तर जवळचा एखादा छोटा भूखंड घ्या. टेपनं मोजा, 1:200 या प्रमाणात नकाशा काढा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावली कुठवर येते ते नोंदवा. पाऊस थांबल्यावर तासाभरानं परत जा आणि पाणी कुठे साचलंय ते त्याच नकाशावर दाखवा. असं एक पान दहा थ्रीडी व्ह्यूंपेक्षा जास्त बोलतं.

पहिल्या सत्रात सर्वांत जास्त घाम फोडतं ते ग्रेडिंग, म्हणजे जमिनीची उंची आणि उतार ठरवणं. समजा, दोन बिंदूंच्या लेव्हल (मीटरमधली उंची) 101.30 आणि 102.80, अंतर 30 मीटर. फरक 1.5 मीटर, म्हणजे उतार 5 टक्के. उतार एकसारखा धरला, तर 102 चा कंटूर (समान उंचीचे बिंदू जोडणारी रेषा) खालच्या बिंदूपासून 14 मीटरवर येतो (0.7 भागिले 1.5, गुणिले 30). हे गणित सोपं आहे, पण त्याचा अर्थ हातात बसायला वेळ लागतो. 5 टक्के म्हणजे 1:20. अनेक नियमावल्यांत यापेक्षा चढ वाढला की ती वाट रॅम्प ठरते. मग कठडे आणि मधले सपाट टप्पे आले, जागा वाढली, आखलेला प्लॅन मोडला. म्हणून लेव्हल शेवटी बसवायच्या नसतात, पहिल्या स्केचपासूनच सोबत ठेवायच्या.

झाडांचंही तसंच. प्लॅनवर 10 मीटरचा पर्णसंभार काढायचा आणि फरसबंदीत दीड मीटरचा चौकोन सोडायचा, ही नेहमीची चूक. मुळांचा मोठा भाग वरच्या साधारण 60 सेंटिमीटर मातीतच आडवा पसरतो, त्यामुळे खड्डा नुसता खोल करून भागत नाही.

कॅड (संगणकावर रेखाटन) आणि जीआयएस (संगणकावर नकाशांचं विश्लेषण) शिकता येतं, त्याची फार धास्ती नको. लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅकहार्ग यांच्यामुळे रुजलेली, नकाशांचे थर एकमेकांवर ठेवण्याची पद्धत मात्र नीट समजून घ्या. माती, उतार, पाणी, वनस्पती असे सात-आठ सुंदर नकाशे करून विद्यार्थी तिथेच थांबतात. कोणता थर इथे निर्णायक आहे आणि का, हे लिहिल्याशिवाय तो नुसता रंगकाम केलेला कागद असतो.

प्रबंधासाठी जागा निवडताना ती किती गाजलेली आहे हे बघू नका. जिथे कोरड्या दिवसांत आणि भर पावसात, दोन्ही वेळा स्वतः पोचता येईल, तीच निवडा.