भरतीच्या तयारीत नडगी धरलीय? आधी हे करून बघा

पोलीस भरतीची जाहिरात आली की महिनाभरात ग्राउंडवर निम्मी पोरं लंगडायला लागतात. सोळाशे मीटरला २० मार्क, म्हणून पहिल्याच दिवसापासून सकाळ-संध्याकाळ डांबरी रोडवर सुटायचं आणि मग नडगी धरते. मी स्वतः महिनाभर मलम चोळत तसाच पळत राहिलो, शुद्ध गाढवपणा.

तर आधी दुखणं ओळखा. नडगीच्या आतल्या कडेवर घोट्यापासून वर अंगठ्याने दाबत जा. चार बोटं किंवा जास्त लांब पट्टा दुखत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त पळण्याच्या ताणाने धरलेली नडगी. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ जात असेल, रात्रीही ठणकत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते, पळणं त्याच दिवशी बंद आणि सरळ ऑर्थोकडे, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे. एक्स-रे क्लिअर आला तरी खूश होऊ नका, सुरुवातीला ही चीर बऱ्याचदा त्यात दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते.

आता पाऊल तपासू, याला एक जुनी लग्नपत्रिका पुरते. घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडं खाली आणि पुढे एक टोकदार हाड हाताला लागतं, त्यावर पेनाने ठिपका द्या. खुर्चीवर बसून पाऊल टेकवा, वजन टाकू नका, पत्रिका शेजारी उभी धरून ठिपक्याच्या उंचीवर रेघ मारा. मग उभे रहा, दोन्ही पायांवर सारखं वजन, परत रेघ. (रेघ दुसऱ्याला मारायला सांगा, तुम्ही वाकलात की पाऊल हलतं.) दोन रेघांत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तळव्याची कमान जास्त बसतेय, पाऊल आत झुकतंय, आणि प्रत्येक पावलाला नडगीच्या आतल्या बाजूवर ताण येतोय. फरक जास्त आला म्हणून लगेच बुटात घालायचे महागडे इनसोल घेऊ नका, आधी पोटरी तयार करा.

पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाचा वर-खाली, १५ चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा थोडा वाकवून. हा दुसरा प्रकार सगळे टाळतात, पण खोलवरचा सोलिअस स्नायू त्यानेच जास्त कामाला लागतो आणि पळताना खरा भार तोच झेलतो. दुखत असेपर्यंत पळायच्या जागी सायकल मारा, दम टिकतो. संध्याकाळी बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं.

भरभर चालूनही दुखत नसेल तेव्हाच परत पळायला लागा, तेही मातीवर, दिवसाआड, एक मिनिट जॉग एक मिनिट चाल असं. ढांगा लांब टाकू नका, पावलं छोटी आणि पटपट. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना नडगी बोलली तर कालचं जास्त झालं समजा आणि आधीच्या आठवड्यात पळत होता तेवढंच पळा, मग ग्राउंडवरचे सिनियर काहीही म्हणोत.